अंश भिंतीवर, छेद कुठे?

शेजारच्या काकूंनी मुलीच्या लग्नाची तारीख आधी गुरुजींना विचारली आणि मग मला. म्हणाल्या, "तुम्ही शक्यता शिकवता ना? मग त्या दिवशी पाऊस यायची शक्यता किती ते सांगा."

मी म्हटलं, "मे महिना आहे. वळीव येऊ शकतो."

"येऊ शकतो हे मलाही कळतं," काकू म्हणाल्या. "त्याला एम.एस्सी. कशाला लागतं?"

माझ्या विषयाचं हे असं आहे. सुरुवातीची काही वर्षं साताऱ्यात आणि पुढची सगळी सांगलीत मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत एक पांढरा फळा टांगला आणि शिकवणी सुरू केली. बी.एस्सी.ची, बी.कॉम.ची, नर्सिंगची मुलं येतात. बहुतेकांचा हा विषय राहिलेला असतो आणि बहुतेकांना तो का आहे हेच कळलेलं नसतं. एका मुलाचं उत्तर हमखास एकाच्या वर जायचं. "मॅडम, शक्यता दीड आली." मी म्हणायची, "अरे, एक म्हणजे नक्की. दीड म्हणजे काय, नक्कीपेक्षा नक्की?" तो आता निवडणुकांत उमेदवारांचा प्रचार सांभाळतो. तिथे दीड चालतं म्हणे.

ज्यांनी हा विषय कधी घेतला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते. कुणी छाती ठोकून काही दावा केला, की आपण आधी धरून चालायचं की विशेष काही नाही, जे चाललंय ते योगायोगानं चाललंय. पुस्तकात याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग बघायचं, नुसत्या योगायोगानं असं घडणं कितपत साधं आहे. साधं असेल तर दावा करणाऱ्याला म्हणायचं, अजून पुरावा आण. फारच दुर्मीळ असेल तर मान्य करायचं, बाबा, तुझ्यात काहीतरी आहे. आणि किती दुर्मीळ म्हणजे दुर्मीळ, हे आधी ठरवायचं. निकाल बघून ठरवलं तर ती परीक्षा नव्हे, तो वकिली धंदा.

दोनापेक्षा वाक्यं जास्तच झाली. मास्तरकीची सवय.

कुपवाडच्या एका छोट्या कारखान्याचे मालक एकदा माझ्याकडे आले होते. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी लेथ मशिनचं तोंड उत्तरेकडून पूर्वेकडे केलं आणि तेव्हापासून खराब माल निघणं कमी झालं. ते खूश होते आणि मी शास्त्रीय शिक्का मारावा अशी त्यांची इच्छा होती. मी विचारलं, "मशिन फिरवलं तेव्हा आणखी काय बदललं?" तर मशिन खिडकीजवळ आलं होतं, उजेड पडत होता आणि हलवायचंच आहे म्हणून फिटरनं ते उघडून साफही केलं होतं. मी म्हटलं, "सोपं आहे. उजेड, सफाई तशीच ठेवा आणि पंधरवडाभर तोंड परत उत्तरेला करून बघा."

ते उठले, हात जोडले. "मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर असंल. पर उत्तरेला तोंड करायची माझी छाती न्हाई."

मशिन अजून पूर्वेलाच आहे. माल चांगला निघतो. उजेडाला श्रेय मिळालं नाही, पण उजेडानं तक्रार केलेली नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. सुवर्णाचं तसं नव्हतं.

सुवर्णा जत तालुक्यातल्या धनगर कुटुंबातली सून. नवरा दत्ता कुपवाडला कारखान्यात, म्हणून बिऱ्हाड सांगलीत. लग्न झालं तेव्हा तिचं बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला थांबलं होतं. राहिला होता फक्त संख्याशास्त्राचा पेपर. दोन मुली झाल्या, धाकटी बालवाडीत जायला लागली, तशी ती माझ्याकडे आली. "मॅडम, येत्या उन्हाळ्यात हा पेपर काढायचाच." हुशार मुलगी. गणित सुटलं की ओठ दाबून हसायची, कुणाला दिसू नये असं.

एका दुपारी बाकीची मुलं गेल्यावर ती मागे थांबली.

"मॅडम, एक दावा तपासायचा आहे."

"कुठल्या पुस्तकातला?"

"घरातला," ती म्हणाली. "मला दुसरा महिना आहे. आत्यांनी औषध आणलंय. मुलगा होण्याचं."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, हौसाबाई. गावाकडे कुठेतरी एक बुवा पुड्या देत होता. तिसरा महिना संपायच्या आत, जिला पाडा, म्हणजे नर वासरू, झालाय अशा गाईच्या दुधातून पुडी घ्यायची, की मुलगा. हौसाबाई स्वतः जाऊन बघून आल्या होत्या. बुवाच्या बैठकीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत बाळांचे फोटो. सगळे मुलगे. टोपरी घातलेले, काजळ लावलेले, कुणी उघडेच. ती भिंत बघून बाई गारच झाल्या.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाल्या, मूल काय ते आधीच ठरलेलं असतं. वर असल्या पुडीत काय असतं कुणाला माहीत, बाळाला अपाय होईल, अजिबात घेऊ नकोस. तर आत्या म्हणतात, त्या डॉक्टरणीचं लगीनच झालं न्हाई, तिला काय कळतंय."

"आणि दत्ता?"

"ते म्हणतात, तुमी दोघी मिळून ठरवा."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. मुलगी घाबरलेली होती. मला म्हणाली, "हे खोटं आहे हे मला कळतंय, मॅडम. पण घरात नुसतं खोटं आहे म्हणून चालत नाही. त्यांच्याकडं भिंत आहे. माझ्याकडं काय आहे?"

मी म्हटलं, "भिंतीवर आहे तो अंश. छेद कुठे, म्हणजे पुडी घेतली एकूण किती जणींनी, ते त्यांना विचारू. पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये."

हौसाबाई आल्या. दोन जिवांच्या सुनेला रिक्षातून एकटी कशी सोडायची, म्हणून. काटक, उंच बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, कमरेला पानसुपारीची चंची. येताना माझ्यासाठी ओल्या शेंगा आणल्या होत्या. फळ्यावरची आकडेमोड बघून म्हणाल्या, "ह्ये सगळं आमच्या सुनंला येतंय?"

"येतंय."

"मग लय झालं की," असं म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या.

माझ्याकडे शिकवणीसाठी नाण्यांचा एक डबा असतो. मी तो पुढे ठेवला. "मावशी, मीही औषध देते. माझ्या तांब्यातलं पाणी शिंपडलं की नाणं छापाच पडतं. बघायचंय?"

मी पाणी शिंपडायची, त्या नाणं उडवायच्या. छापा पडला की मी ते नाणं खिडकीच्या कट्ट्यावर मांडून ठेवायची. काटा पडला की उठून आत जायची आणि स्वयंपाकघरातल्या पातेल्यात टाकून यायची. दोन-चारदा मी आत-बाहेर केलं तशा हौसाबाई माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या. डबा संपल्यावर मी कट्ट्याकडे हात केला. चकचकीत छाप्यांची ओळ लागली होती.

"बघा माझं पाणी. एक तरी काटा दिसतो का?"

"आवं, काटं तर तुमी आत नेऊन टाकलं!" त्या जोरात हसल्या. "मला काय येडी समजता व्हय?"

"मग बुवाच्या भिंतीवर मुलीचा फोटो होता का?"

हसणं थांबलं. चंचीतून सुपारी काढून त्यांनी ती हातातच फिरवली. "पोरीचा फुटू घिऊन कोण जाईल त्याच्याकडं?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग एकदम, "पर दोन पोरी झाल्यात. आता पाळी पोराचीच हाय."

"नाण्याला आठवण नसते, मावशी. मागचे दोन काटे त्याला ठाऊकच नाहीत."

"ऱ्हाऊ द्या तुमचं नाणं. बुवा खोटा असंल, मान्य. पर पुडी घिटली तर बिघडतंय काय? लागली तर लागली."

हा खरा अडसर. फसवणूक कळल्यावरही माणूस म्हणतो, घेऊन बघायला काय जातं. वर्गात याला उत्तर नसतं, कारण पुस्तकातल्या गणितात कुणी पुडी गिळत नाही. मी जरा विचार करून म्हटलं, "बरं. तुमच्याकडे मेंढ्या किती?"

"हायत्या की. चांगलं खांड हाय."

"गाभण असतील त्यातल्या काही. निम्म्यांना पुडी देऊ, निम्म्यांना नको. कुणाला द्यायची ते नाणं उडवून ठरवू. नर किती, माद्या किती, कळेल."

हौसाबाईंनी मान जोरात हलवली. "मेंढ्यास्नी? न्हाई बाई. त्यात काय असतंय, काय ठावं? गाभण मेंढीला असलं कायबाय घातलं आन् गाभ टाकला म्हंजे? जीव हाय त्यो."

दाराशी बसलेली सुवर्णा खाली बघत हळू म्हणाली, "आत्या, मग मला?"

हौसाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग सुपारी परत चंचीत ठेवली, पदर सावरला, उठल्या. "चल गं," एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून चालू लागल्या. मला येते म्हणाल्या नाहीत, शेंगांचं भांडंही नेलं नाही.

त्यानंतर सुवर्णा शिकवणीला आली नाही. फोन केला तर म्हणे, "येते, मॅडम." मागे कुणीतरी असावं असा आवाज. मला चैन पडेना. तीस-बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की चुकीचा निष्कर्ष दोन प्रकारे निघतो. पण बरोबर निष्कर्ष चुकीच्या पद्धतीनं सांगितला तर घरात काय होतं, यावर धडा नाही. सासूला सुनेसमोर असं उघडं पाडायला नको होतं, असं वाटत राहिलं. तिसरा महिना संपत आला होता.

आणि एका सकाळी दोघी दारात. सुवर्णा तोंड भरून हसत होती. हौसाबाई आत येऊन त्याच भिंतीला टेकल्या आणि चंची सोडून माझ्यासमोर ठेवली.

"मोजा."

चंचीच्या एका कप्प्यात शेंगदाणे होते, दुसऱ्यात हरभरे. मला कळेना. सुवर्णानं सांगितलं. त्या दिवशी घरी गेल्यावर आत्यांनी पुडी फळीवर ठेवली. दिलीही नाही, टाकलीही नाही. दुसऱ्या दिवशी गावाला गेल्या. आणि जतचा बाजार, एक साखरपुडा, एक बारसं, पाण्याच्या टँकरपुढची रांग, जिथे बायका भेटतील तिथे एकच विचारत फिरल्या, तुमच्यात बुवाची पुडी कुणी घेतली होती आणि काय झालं? मुलगा सांगितला की एक शेंगदाणा. मुलगी सांगितली की एक हरभरा.

"पोरगं झालेल्या न इचारता सांगत्यात," हौसाबाई म्हणाल्या. "पोरगी झालेली बाई आधी म्हणती, आमी न्हाई बाई घिटली. मग दुसरी सांगती, घिटली हुती की हिनं. लय खोदावं लागतंय."

मी शिकवणीत नमुना कसा घ्यावा यावर दोन तास बोलते. ते दोन तास या बाईनं टँकरच्या रांगेत काढले होते. मी फक्त मोजलं. वीस शेंगदाणे, सोळा हरभरे.

"वीस!" हौसाबाई ताठ बसल्या. "पोरंच जास्ती हायती की!"

माणसाच्या डोळ्याला वीस आणि सोळा हे काही सारखे दिसत नाहीत. पण मी बोलायच्या आत सुवर्णानं फळ्यापाशी जाऊन खडूसारखं पेन उचललं. "थांबा आत्या. आधी हद्द ठरवू, मग वीसकडं बघू."

तिनं लिहिलं. एकूण छत्तीस. पुडीत काहीच नसेल तर निम्मे म्हणजे अठरा. नुसत्या योगायोगानं त्यात इकडे-तिकडे तिनाचा हेलकावा होणार. दुप्पट हेलकावा, म्हणजे सहा, इथपर्यंत योगायोग समजायचा, ही पुस्तकातलीच हद्द. "चोवीसच्या वर शेंगदाणे गेले असते, आत्या, तर मीच म्हटलं असतं, विचार करायला पाहिजे. वीस आलेत. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे पुडीचा काही गुण आहे असं म्हणायला पुरावा नाही."

"मग तसं सरळ बोल की! नाकारता येत न्हाई, हे काय बोलणं झालं?" हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "आन् बाई, हिची ती हद्द खरी कशावरनं?"

प्रश्न रास्त होता. मी नाण्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "या वेळी पाणी नाही. काटेही बाहेरच ठेवू. छत्तीस वेळा तुम्हीच उडवा."

त्या उडवायला लागल्या. मोजायचं कानडीत. जतच्या त्या पट्ट्यात माहेर, लहानपणापासून मेंढ्या कानडीतच मोजलेल्या. ओंदू, एरडू, मूरू. सुवर्णा फळ्यावर रेघा ओढत होती. मी चहा टाकायला आत गेले ती मुद्दाम, माझा हात लागला असं वाटायला नको. बाहेर आले तर दोघी फळ्याकडे बघत बसलेल्या. छापे एकवीस, काटे पंधरा.

"एकवीस," हौसाबाई म्हणाल्या. "पुडीपरास जास्ती. आता ह्या रुपयास्नी पुडी कुणी दिली हुती?"

आणि त्यांना असं हसू आलं की चहा कपातून बशीत आला. सुवर्णाही हसली. यावेळी ओठ न दाबता.

पुडी त्यांनी बरोबरच आणली होती. माझ्या हातात देत म्हणाल्या, "मोरीत टाकू नगा. काय असतंय त्यात." मी ती तक्रारीसोबत योग्य त्या कचेरीत पोचवली. बुवाच्या बैठकीला काही दिवस कुलूप लागलं. मग तो आणखी लांबच्या एका गावात बसायला लागला असं कानावर आलं. याची टोचणी आहे मला. निम्म्या घरांत मुलगा होणारच आहे, आणि ती निम्मी घरं फुकट जाहिरात करणार आहेत. अशा धंद्याला हात लावायचा तर माझ्या फळ्याच्या बाहेर बरंच काही लागतं.

माघ सरता सरता सुवर्णा बाळंत झाली. दत्तानं फोन केला. "मॅडम, पोरगी झाली. दोघी ठीक हायत."

मी दवाखान्यात गेले. मुलगा होणार असं मी कधीच म्हटलं नव्हतं, पण ज्याला दोष द्यायचा असतो तो काय म्हटलं होतं ते आठवत बसत नाही. हौसाबाई व्हरांड्यातल्या बाकावर होत्या. डोळे सुजलेले. मी शेजारी बसले.

"मला पोरगं पायजे हुतं, बाई," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. सकाळी रडले." मग म्हणाल्या, "पुडी घिटली असती तरी हीच आली असती, व्हय ना?"

"हो. हीच."

"आन् काय वाकडंतिकडं झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघिटलं असतं?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "जावा आत. बघून या. नाक माझं घिटलंय बयेनं."

आत जाऊन बघितलं. नाक खरंच त्यांचं होतं.

परीक्षा उन्हाळ्यात. सुवर्णाला मी म्हटलं, या वर्षी राहू दे, अंगावरचं बाळ आहे. ती काही बोलायच्या आत हौसाबाई म्हणाल्या, "बाळ माझ्याकडं. पेपर तिच्याकडं." त्या गावाकडून येऊनच राहिल्या. सकाळी मधलीला बालवाडीत सोडायचं, दुपारी तान्हीला झोळीत घालायचं आणि कुणी विचारलं तर सांगायचं, "सुनंचा अब्यास चाललाय, हळू बोला."

पेपरच्या दिवशी मीही परीक्षा केंद्रावर गेले. कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत परीक्षार्थींचे आईबाप बसले होते, पाण्याच्या बाटल्या घेऊन, वारा घालत. त्यात हौसाबाई, मांडीवर अडीच महिन्यांची नात. ऊन तापलं होतं. बाळ किरकिरत होतं आणि त्या चमच्यानं पाजायचं दूध हातावर पाडून बघत होत्या, कोमट आहे का.

शेजारी एक सुखवस्तू बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आत होता. त्यांनी बाळाकडे कौतुकानं बघितलं.

"मुलगा का?"

"पोरगी."

"पहिली?"

"न्हाई. हिच्यावर दोन हायत्या."

"अगं बाई." त्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला, सांत्वनाला गेल्यावर होतो तसा. "म्हणजे तिसरी मुलगी."

हौसाबाईंनी चमचा बाळाच्या ओठाला लावला. बाळ गप्प झालं. मग मान वर न करता त्या म्हणाल्या,

"तिसरी न्हाई, चौथी. थोरली आत पेपर लिवतीया."